हॅलोविनचं सोंग आणि आपला कार्तिक

बुधवार, २९ ऑक्टोबर २०२५ (कार्तिक शुद्ध सप्तमी)
आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २३ ते २७. सोबत श्रीमद्भागवत, स्कंध १०, अध्याय ६.



आज खरं तर दुसरंच वाचन ठरलं होतं. ते पुढे ढकललं, कारण परवा रात्री पुण्याहून एक फोन आला. आमच्या मनमाडचीच मुलगी, हिंजवडीत नोकरी करते. लहानपणी काकड्याला आजीचं बोट धरून यायची, आता पुण्यात एकटी राहते आणि रोज झोपण्यापूर्वी एक अध्याय वाचते. म्हणाली, "दादा, एक विचारू? हॅलोविन केलं तर आपल्या धर्माला बाधा येते का?"

मी हसलो. दरवर्षी ऑक्टोबर संपत आला की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. मी नेहमीचं उत्तर द्यायला लागलो, की अगं, एक दिवस गमतीचे कपडे घातले म्हणून पांडुरंग रुसत नाही. ती गप्प. मग हळूच म्हणाली, "शुक्रवारी ऑफिसात पार्टी आहे. आमच्या टीमनं डेस्कजवळ स्मशान उभं केलंय. थर्माकोलच्या कबरी, प्रत्येकावर टीममधल्या एकेकाचं नाव आणि तो कशानं मेला ते गमतीत लिहिलंय. माझीपण आहे. माझ्यावर लिहिलंय, हार्ट अटॅक, डेडलाइन बघून."

तिचे वडील मार्चमध्ये गेले. रेल्वेच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. सकाळी चहा पीत असताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. वर्षश्राद्ध अजून व्हायचंय. यंदा त्यांच्या दारात आकाशकंदील लागला नाही, फराळही शेजारपाजारच्यांनीच आणून दिला. टीममधल्या मुलांना हे ठाऊक नव्हतं, त्यांचा काही दोष नाही. पण रोज सकाळी नऊ वाजता ती त्या कबरीसमोर बसते.

घरी आई म्हणते, दुखवट्याच्या वर्षात भूतखेतांची सोंगं नकोत, बापाच्या आत्म्याला त्रास होईल. ऑफिसात म्हणतात, एवढं काय सिरियस घेतेस. आणि ही मधे उभी. म्हणून आज हा विषय जरा नीट बघू या. "चालतं" किंवा "चालत नाही" असं एका शब्दात सांगून हा विषय सुटत नाही.

गीतेत भुतांचा उल्लेख कुठे येतो

नवव्या अध्यायातला पंचविसावा श्लोक. भगवंत म्हणतात की देवांची उपासना करणारे देवांकडे जातात, पितरांचं व्रत घेणारे पितरांकडे, भूतगणांची पूजा करणारे भुतांकडे, आणि माझी भक्ती करणारे माझ्याकडे येतात. हॅलोविनच्या विरोधात फिरणाऱ्या मेसेजमध्ये हमखास हाच श्लोक असतो. सोबत लाल अक्षरांत "बघा, गीतेतच सांगितलंय!"

सांगितलंय हे खरं, पण काय सांगितलंय? श्लोकातली क्रियापदं बघा. यजन करणं, व्रत घेणं. भुतांसाठी वापरलेल्या शब्दातही 'इज्या' आहे, म्हणजे पूजा. भुतांबद्दल बोलणारे, भुतांच्या गोष्टी ऐकणारे, चेहऱ्याला पावडर फासून "हूऽ" करणारे, यांच्याबद्दल हा श्लोक नाही. ज्याच्यापुढे माणूस हात जोडतो, ज्याच्यासाठी उपास धरतो, ज्याच्या कोपाला घाबरून आपला दिवस आखतो, त्याच्याकडे तो जातो, एवढंच भगवंत सांगतायत. सतराव्या अध्यायाच्या चौथ्या श्लोकातही हीच विभागणी आहे. सात्त्विक माणसं देवांची पूजा करतात, राजस माणसं यक्ष-राक्षसांची आणि तामस माणसं प्रेत-भूतगणांची. तिथेही विषय पूजेचाच आहे.

आता प्रामाणिकपणे एक गोष्ट विचारतो. वर्षातून एका संध्याकाळी प्लास्टिकचे सुळे लावणारा पोरगा भुतांची 'इज्या' करतो, की अमावस्येला गाडी घेऊन बाहेर पडायचं नाही, तिठ्यावरचं लिंबू ओलांडायचं नाही, अमक्या बाईची नजर वाईट, तमक्यानं करणी केली, अशा हिशेबात वर्षभर जगणारा माणूस करतो? मी माझ्या घरापासून सुरुवात करतो. आमच्याकडे दारावर लिंबू-मिरची होती. आजी गेल्यावर ती काढायची कुणाची हिंमत होईना. रोज हरिपाठ म्हणणारं घर! शेवटी एक दिवस मांजरानंच ती ओढून पाडली.

श्लोकाच्या आजूबाजूलाही वाचा, नुसता सुटा श्लोक उचलू नका. दोन श्लोक आधी, तेविसाव्यात, भगवंत म्हणतात की श्रद्धेनं इतर देवतांना भजणारेही शेवटी मलाच भजत असतात, फक्त त्यांची रीत बरोबर नसते. आणि भुतांचं नाव घेतल्यावर लगेच पुढचा, सव्विसावा श्लोक येतो : पान, फूल, फळ, पाणी, प्रेमानं जे देशील ते मी घेतो. भुतांवर एकच चरण खर्च करून भगवंत तुळशीच्या पानाकडे वळतात. मला हे फार आवडतं.

पूतना कशी नटून आली

सोंग घेण्याबद्दल शास्त्र काय म्हणतं, हे बघायचं तर भागवताचा दहावा स्कंध उघडा. सहावा अध्याय. कंसानं पाठवलेली पूतना गावोगाव फिरून तान्ही बाळं मारत होती. गोकुळात शिरताना ती राक्षसीच्या रूपात आली असती, तर गवळ्यांनी वेशीवरच तिला अडवलं असतं. ती आली सुंदर स्त्री होऊन. वेणीत मोगऱ्याची फुलं, कानात डुलणारी कुंडलं, हातात कमळ. गोपींना वाटलं साक्षात लक्ष्मीच आपल्या पतीला बघायला आली. यशोदा आणि रोहिणी तिथेच उभ्या होत्या. दोघी बघत राहिल्या, पण कुणी अडवलं नाही. तिनं अंथरुणावरून बाळ उचललं आणि विष लावलेला स्तन तोंडात दिला.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. बाळानं दुधासोबत प्राणही ओढून घेतले, ती "सोड, सोड" ओरडत कोसळली आणि खरं राक्षसी शरीर उघडं पडलं.

भागवतातलं सगळ्यात घातक सोंग भीतीदायक नाही, देखणं आहे, हे लक्षात घ्या. शुक्रवारी तुमच्या ऑफिसात जो कवटीचा मुखवटा घालून येईल, तो निदान "मी भूत आहे" असं कपाळावर लिहून येतोय. फसवायला येणारा कधीच तसा येत नाही. लोन ॲपवाला येत नाही, "तुझ्या कुंडलीत प्रेतबाधा आहे, एकवीस हजारांत शांती करतो" म्हणणाराही येत नाही. तो अष्टगंध लावून, गोड बोलत येतो.

आता या अध्यायाचा पुढचा भाग. कीर्तनात तो बऱ्याचदा राहून जातो. पूतना पडल्यावर गोपी धावत गेल्या आणि तिच्या छातीवर खेळत असलेलं बाळ उचललं. मग काय केलं? बाळावरून गाईचं शेपूट फिरवलं. गोमूत्रानं न्हाऊ घातलं, गोधूळ लावली आणि एकेका अंगाला भगवंताचं एकेक नाव लावून रक्षा बांधली. डाकिणी, यातुधानी, कूष्मांड, भूत, प्रेत, पिशाच्च, लहान मुलांना धरणारे ग्रह, वेड लावणारे, फेफरं आणणारे, स्वप्नात दिसणारे उत्पात... सगळ्यांची नावं घेऊन म्हणाल्या की विष्णूच्या नामोच्चाराला घाबरून हे सगळे नाहीसे होवोत.

म्हणजे भागवत भुतांची नावं घ्यायला कचरत नाही, लांबलचक यादीच देतं. आणि गंमत बघा, ज्या बाळासाठी त्या विष्णूचं नाव घेतायत, ते बाळ म्हणजे विष्णूच. देवालाच देवाच्या नावाची दृष्ट काढतायत. त्यांना हे ठाऊक नाही, आणि ठाऊक नसल्यानं काही बिघडतही नाही. मनमाडला मुलांची मीठ-मोहरीनं दृष्ट काढणाऱ्या प्रत्येक आईत मला तीच गोपी दिसते. त्यात पूजा असते ती बाळाची. भुताला कुणी तिथे विचारत नाही.

शेवट त्याहून मोठा आहे. पूतनेचा देह गवळ्यांनी जाळला, तेव्हा धुराला अगरूचा सुगंध आला. विष पाजायला आली होती, तरी तिनं बाळाला छातीशी धरलं होतं, म्हणून भगवंतानं तिला आईची गती दिली. सोंग आईचं होतं. देवानं ते खरं धरलं.

कोहळा, डांगर आणि परवाची तिथी

हॅलोविन हे नाव कुठून आलं ते थोडक्यात सांगतो. ख्रिस्ती कॅलेंडरात १ नोव्हेंबर हा सगळ्या संतांचा दिवस आणि २ नोव्हेंबर हा मृतांसाठी प्रार्थनेचा दिवस. संतांच्या दिवसाची आदली संध्याकाळ, म्हणजे ३१ ऑक्टोबर, तेच हॅलोविन. आयर्लंडकडे त्याच सुमारास हिवाळा सुरू व्हायचा जुना सण होता, त्या रात्री मेलेल्यांची वाट उघडते अशी समजूत. तिकडचे लोक सलगम कोरून आत दिवा ठेवायचे. एकोणिसाव्या शतकात आयरिश माणसं मोठ्या संख्येनं अमेरिकेत गेली, तिथे भोपळा मोठा आणि कोरायला सोपा, म्हणून भोपळा आला. ऑफिसातली पार्टी ही त्या वाटेनं, सिनेमा आणि मॉलमार्गे आपल्याकडे पोचलेली आहे.

रेल्वेमुळे मनमाडात ख्रिस्ती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. माझ्या शाळेतल्या एका मित्राच्या घरचे सगळे २ नोव्हेंबरला आजोबांच्या कबरीवर जातात. आधी कबर धुतात, झेंडूची फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात आणि थोडा वेळ नुसते बसतात. त्याच्या आईपुढे हॅलोविनचं नाव काढलं, की कपाळाला आठ्या! "आमचा नाही तो सण," म्हणतात. हा विरोध फक्त आपलाच आहे असं नाही. कितीतरी ख्रिस्ती घरांत याच दिवशी मुलांना अडवलं जातं. संताच्या वेशात जा, भुताच्या नको, असं सांगतात.

आता आपलं पंचांग काढा. परवा, ३१ तारखेला, कार्तिक शुद्ध नवमी आहे. हिला कूष्मांड नवमी म्हणतात. कूष्मांड म्हणजे कोहळा! या दिवशी कोहळा दान करायची रीत आहे, विष्णूनं कूष्मांड नावाच्या दैत्याला मारलं अशी कथा त्यामागे सांगतात. वर भागवताच्या यादीत कूष्मांड हे नाव आलं होतं, आठवतंय? फळाचंही तेच नाव आणि लहान मुलांना धरणाऱ्या भुताचंही तेच. जगभर लोक भोपळ्याला भुताचं तोंड कोरतील त्याच दिवशी आपल्याकडे भुताच्या नावाचं फळ दान केलं जाईल. तिथ्या फिरत्या असतात, त्यामुळे दरवर्षी हा योग येत नाही. यंदा आलाय.

आमच्याकडे लाल भोपळ्याला डांगर म्हणतात. पितृपक्षात पितरांच्या पानावर डांगराची भाजी लागतेच. दसऱ्याला वर्कशॉपात, ट्रकवाल्यांकडे यंत्रांपुढे कोहळा फोडतात, त्यावर कुंकू टाकतात. कुठल्या तरी जुन्या बळीच्या जागी आलेलं ते फळ. आपल्या दिवाळीतही मेलेल्यांची आठवण आहेच. धनत्रयोदशीला दक्षिणेकडे वात करून यमाला दिवा. अमावस्येला पितरांना वाट दिसावी म्हणून पेटती चूड दाखवायचा विधी शास्त्रात आहे, त्याला उल्कादर्शन म्हणतात. बंगालात दिवाळीच्या आदल्या दिवसाला सरळ भूतचतुर्दशी म्हणतात आणि चौदा दिवे लावतात. थंडी सुरू होताना, रात्र मोठी होताना, गेलेली माणसं आठवणं हे सगळीकडच्या माणसांनी केलंय.

दारोदार खाऊ मागणंही नवं नाही. आमच्या बहिणी गुलाबाई घेऊन घरोघर जायच्या, गाणी म्हणायच्या आणि डब्यातला खाऊ ओळखायचा खेळ चालायचा. अमेरिकेत एडिसनला असलेला माझा आतेभाऊ सांगत होता, २०२४ साली नरक चतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबरला आले. पहाटे उटणं लावून अभ्यंगस्नान, संध्याकाळी मुलगा स्पायडरमॅन होऊन शेजाऱ्यांच्या दारात. त्याच्या पिशवीत चॉकलेटं आली आणि त्यानं बदल्यात दोन घरांत चकल्या दिल्या. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांना दिवाळीची सुट्टी होती. भाऊ म्हणाला, "आमच्याकडे भांडण झालं ते फक्त झोपायच्या वेळेवरून."

आणि मुखवटे म्हणाल, तर आपल्याच नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेला, पेठ-त्र्यंबकच्या पट्ट्यात आणि पुढे जव्हार-मोखाड्याकडे, बोहाडा असतो. आदिवासी गावांमध्ये रात्रभर लाकडी-कागदी मुखवटे घालून गणपती, शारदा, नरसिंह, रावण, त्राटिका अशी सोंगं नाचतात. रावणाचं सोंग घेणारा माणूस रावणाचा भक्त होत नाही, त्राटिकेचं सोंग घेणारा सकाळी भाताच्या खाचरात जातो. पण तिथे एक गोष्ट पक्की असते : राक्षस येतो तो देव येणार म्हणून.

ही गोष्ट सुटली की काय होतं, त्यासाठी परदेशात जायला नको. गोव्यात नरक चतुर्दशीच्या पहाटे नरकासुराचे पुतळे जाळतात. चांगली प्रथा. पण पुतळे वर्षागणिक उंच होत गेले, स्पर्धा आल्या, रात्रभर स्पीकर आले, आणि तिथलेच लोक म्हणायला लागले की नरकासुर एवढा मोठा आणि कृष्ण कोपऱ्यात एवढासा. ही तक्रार मला हॅलोविनवरच्या कुठल्याही तक्रारीपेक्षा जास्त जवळची वाटते.

एक सोंग मात्र नको

तुकोबांनी जाखाई-जोखाई, मेसाबाई अशी नावं घेऊन, दारू-मटण मागणाऱ्या आणि धाक दाखवणाऱ्या दैवतांची भीड ठेवली नाही. आणि त्याच तुकोबांनी दुसऱ्या एका अभंगात पंढरीच्या विठ्ठलालाच भूत म्हटलंय, वाटेवरच्या माणसाला धरणारं! ज्याला खऱ्या भुतानं झपाटलंय तो बाकीच्या भुतांशी खेळायला मोकळा असतो. वारकऱ्याची ही निर्भय थट्टा आपण हरवू नये असं मला वाटतं.

पण थट्टा कुणाची होते ते बघायला हवं. हॅलोविनचं सगळ्यात चालणारं सोंग कुठलं? चेटकीण. काळी टोपी, झाडू, लांब नाक. अमेरिकेत ती कार्टून झाली. आपल्याकडे अजून झालेली नाही. मनमाडहून उत्तरेला, नंदुरबारच्या सातपुड्यात, बायकांना डाकीण ठरवून मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या घटना घडत आल्यात. कुणाचं मूल आजारी पडलं, कुणाचा बैल मेला, की बोट दाखवलं जातं. बहुतेक वेळा त्या बाईचा नवरा वारलेला असतो, नावावर तुकडाभर जमीन असते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या सगळ्यासाठी वर्षानुवर्षं कायदा मागितला. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखाद्यावर करणी करतो असा आळ घेऊन त्याचं जगणं मुश्किल करणं हा त्या कायद्यानं गुन्हा आहे.

भक्त म्हणून आपण कुणाच्या बाजूला उभे राहायचं? डाकीण खरोखर असते असं मानलं तरी भागवत सांगतं की ती हरिनामानं जाते. दगडानं नाही. ज्या बाईला जिवंतपणी डाकीण म्हणून हिणवतात तिच्यात नारायण आहे, हे आपण रोज हरिपाठात म्हणतो. तेव्हा चेटकिणीचा पोशाख घालण्याआधी एवढं आठवा. मी तरी तो घालणार नाही. महाकालीची जीभ बाहेर काढून 'हॉरर लुक' करणाऱ्यांनाही हेच सांगीन. ज्या मूर्तीपुढे कुणाची तरी आई रोज दिवा लावते, तिला घाबरवायच्या सामानात बसवू नका.

बाकी दारूचं काय, असं काही जण विचारतील. कार्तिक पाळत असाल तर उत्तर तुम्हाला माहीत आहे, माझ्याकडून वदवून घेऊ नका.

तिला काय सांगितलं

फोनवर मी तिला यातलं निम्मंही सांगितलं नाही. आधी विचारलं, "तुला जावंसं वाटतं का?"

"नाही."

"मग धर्माचं कारण कशाला शोधतेस?"

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "दादा, नाही म्हणायला काहीतरी कारण लागतं ना. बाबांची आठवण येते म्हटलं तर सगळे बिचारी-बिचारी करतील. धर्मात चालत नाही म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही."

हे ऐकून मी जरा हललो. आपण किती वेळा धर्म असा वापरतो, दुःखावर टाकायच्या पांघरुणासारखा! त्यात पाप नाही. पण मग ऑफिसातली पोरं समजणार की हिच्या देवाला थर्माकोलची भीती वाटते. आणि तिच्या मनातही हळूहळू तेच बसणार, की बाबांचा आत्मा आता मुखवट्यांनी त्रासणारी काहीतरी भयंकर वस्तू आहे. हे मला मान्य नाही. ज्या माणसानं चाळीस वर्षं लोखंडाचे गर्डर जोडले, दर एकादशीला डबा न नेता गेला, ज्याच्या कानात शेवटी बायकोनं रामनाम सांगितलं, तो गीतेच्या त्या श्लोकाप्रमाणे कुठे गेला असेल ते तूच सांग, म्हटलं. पोरीच्या ऑफिसातल्या सजावटीत त्याचा जीव अडकेल कशाला? आईलाही हेच सांग, पण हळू सांग. आईची भीती ही भीती नाहीच, तीही बाबांची आठवणच आहे. मीठ-मोहरी ओवाळणारी गोपी आहे ती.

आणि टीमला खरं ते सांग. एका वाक्यात. माझे वडील मार्चमध्ये हार्ट अटॅकनं गेले, ती पाटी तेवढी काढा. कुणी वाईट मनानं केलेलं नाही, काढतील.

जायचं की नाही, हे मी तिच्यावर सोडलं. गेली तर पितरांचा अपमान होत नाही, नाही गेली तर ती मागासलेली ठरत नाही. माझं मत विचाराल, तर दुखवट्याच्या वर्षात कुठल्याही नाचगाण्यात मन रमत नाही आणि ते ओढून रमवू नये. ते लग्नाचं असो, गरब्याचं असो की भुतांचं.

काल संध्याकाळी तिचा मेसेज आला. पाटी काढली. ज्यानं ती लिहिली होती तो मुलगा स्वतः येऊन बसला, त्याचे वडीलही कोविडमध्ये गेलेत हे तिला पहिल्यांदाच कळलं. शुक्रवारी तिनं रजा टाकलीय. रात्री दौंडवरून गाडी पकडून पहाटे नगरमार्गे मनमाडला उतरेल. शनिवारी आईला घेऊन बाजारात जाणार आहे, कोहळा घ्यायला. मी म्हटलं, अगं नवमी शुक्रवारी, तू शनिवारी दान करणार? तर म्हणाली, "दादा, उशीर झाला तर देव घेणार नाही का?" सव्विसावा श्लोक मला उलटा ऐकवला पोरीनं. रविवारी, २ तारखेला, कार्तिकी एकादशी. पंढरपूरला जाणं यंदा जमत नाही, म्हणून मायलेकी पहाटे आमच्याच विठ्ठल मंदिरात काकड्याला येतील. त्याच सकाळी माझा तो शाळेतला मित्र कुटुंबाला घेऊन मेणबत्त्या लावायला कब्रस्तानात जाईल. आमच्या दोघांची वाट एकाच चौकातून जाते, भेट होईलच.

शुक्रवारच्या आत भागवताचा सहावा अध्याय एकदा पूर्ण वाचा, पूतना पडते तिथे थांबू नका. गोपींची रक्षा आणि शेवटचा अगरूचा सुगंध, दोन्ही वाचा. ज्यांच्या घरात यंदा दुखवटा आहे त्यांनी, जमलं तर, मोठ्यानं वाचा.

उद्या गोपाष्टमी. वाचन : श्रीमद्भागवत, स्कंध १०, अध्याय १५, कृष्ण पहिल्यांदा गाई घेऊन रानात जातो तिथून.

राम कृष्ण हरि.